टेबलावर एक वॅट पुरतो

ध्वनिमुद्रणं ऐकून ती लिहून काढणं हे माझं रोजचं काम. मुलाखती, व्याख्यानं, लांबलचक बैठका. दिवसातले बरेच तास दोन छोटे स्पीकर माझ्यासमोर हाताच्या अंतरावर चालू असतात, आणि काम संपलं की त्याच स्पीकरवर गाणं लागतं. त्यामुळे टेबलावरच्या स्पीकरसाठी स्वस्तातला छोटा ॲम्प्लिफायर कोणता घ्यावा, असं कुणी विचारलं की मला आनंद होतो. बोलण्यासारखं पुष्कळ आहे. मात्र विचारणाऱ्याचा पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी वॅटचा असतो. पन्नास वॅट पुरतील का? शंभरचा घेऊ का?

किती वॅट पुरतील, हे आधी स्पीकरवरून काढता येतं. स्पीकरच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटीचा आकडा असतो. एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, ते तो सांगतो. टेबलावर मावणाऱ्या, तीन-चार इंची वूफरच्या (खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याच्या) स्पीकरचा हा आकडा साधारण ८३ ते ८६ असतो. माझ्या स्पीकरचा ८५ आहे. आता टेबलावर कान एक मीटरपेक्षा जवळ असतो, सत्तर सेंटिमीटर धरू. त्याने तीन डेसिबल वाढले. स्पीकर दोन आहेत, आणखी तीन वाढले. म्हणजे प्रत्येक स्पीकरला एक वॅट मिळाला की माझ्या कानापाशी ९१ डेसिबल. हा चांगलाच मोठा आवाज आहे. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्याचे चाळीस तास ही सुरक्षित ऐकण्याची मर्यादा धरते, आणि तिथून दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो.

टेबलाशी बसून मन लावून ऐकताना सरासरी पातळी ७०-७२ डेसिबलच्या आसपास असते. ९१ पेक्षा हे एकोणीस डेसिबल कमी, म्हणजे एका वॅटचा जवळपास ऐंशीवा भाग. संगीतात क्षणभर उसळणारे आवाज सरासरीच्या पंधरा-वीस डेसिबल वर जातात. तबल्याची जोरकस थाप, पियानोचा ठोका. त्यांच्यासाठी वीस डेसिबल राखून ठेवले तरी आपण ९२ वर पोचतो, म्हणजे सव्वा वॅट. कंपनीने सेन्सिटिव्हिटी तीन डेसिबल फुगवून लिहिली आहे असं धरा, तरी अडीच वॅट. प्रत्येक स्पीकरला खरे पाच ते दहा वॅट देणारा ॲम्प्लिफायर टेबलासाठी भरपूर झाला.

हे आकडे पाहताना एक बारकावा लक्षात ठेवावा लागतो. काही कंपन्या सेन्सिटिव्हिटी एका वॅटवर न मोजता २.८३ व्होल्टवर मोजतात. आठ ओमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे एकच वॅट, पण चार ओमच्या स्पीकरला तेच दोन वॅट होतात. मग कागदावर तीन डेसिबल आयतेच वाढलेले दिसतात.

जास्त वॅट केव्हा लागतात? स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला असतील तेव्हा, किंवा संगणकावरून खालचे स्वर इक्वलायझरने उचलणार असाल तेव्हा. सहा डेसिबल उचलले की त्या पट्ट्यात चौपट ताकद लागते. पण तीन इंची वूफरचा कागद पुढेमागे हलून हलून किती हलणार? त्याची हद्द ॲम्प्लिफायरच्या आधी संपते. तिथे मोठा ॲम्प्लिफायर लावून फक्त स्पीकर फाटायची सोय होते.

खोक्यावरच्या वॅटबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण यात लोक फार फसतात आणि शाळेतल्या भौतिकशास्त्रावर हे पडताळता येतं. आजचे छोटे, स्वस्त ॲम्प्लिफायर बहुतेक क्लास डी (वीज झटपट चालू-बंद करत चालणाऱ्या, म्हणून कमी तापणाऱ्या) जातीचे आणि ब्रिज जोडणीचे असतात. ब्रिज म्हणजे स्पीकरच्या दोन्ही तारा ॲम्प्लिफायरच ओढतो, एक वर तर दुसरी खाली. अशा जोडणीत स्पीकरला जास्तीत जास्त जवळपास अडॅप्टरच्या व्होल्टेजइतकंच शिखर मिळू शकतं. त्या व्होल्टेजचा वर्ग करा, स्पीकरच्या ओमच्या दुपटीने भागा, की आवाज न फाटता मिळणारे वॅट आले. बारा व्होल्टचा अडॅप्टर आणि आठ ओमचा स्पीकर: १४४ भागिले १६, नऊ वॅट. चार ओमला अठरा. एकोणीस व्होल्टवर आठ ओमला साधारण साडेबावीस, चोवीस व्होल्टवर छत्तीस. म्हणजे ज्या खोक्यावर दोन गुणिले पन्नास लिहिलंय आणि आत बारा व्होल्टचा अडॅप्टर ठेवलाय, त्यातून आठ ओमला नऊच वॅट निघणार. पन्नास हा आकडा आतल्या चिपच्या डेटाशीटमधून, म्हणजे तिच्या माहितीपत्रकातून, उचललेला असतो, वेगळ्या व्होल्टेजला आणि चार ओमच्या भारावर.

शिवाय तो आकडा बहुतेकदा दहा टक्के विकृतीला मोजलेला असतो. दहा टक्के म्हणजे लहरींची डोकी सपाट छाटली गेली आहेत आणि आवाज उघड फाटतोय. एक टक्क्याला मोजलं तर तोच आकडा साधारण पाचवा हिस्सा ते पाव हिस्सा कमी भरतो.

अडॅप्टरचे ॲम्पिअरही बघा. बारा व्होल्ट, दोन ॲम्पिअर म्हणजे एकूण चोवीस वॅट. आठ ओमच्या दोन स्पीकरना नऊ-नऊ वॅट द्यायला तो नेमका पुरतो, कारण क्लास डी ऐंशी-नव्वद टक्के ताकद पुढे पोचवतो. चार ओमचे स्पीकर असतील तर साडेतीन-चार ॲम्पिअरचा घ्यावा. लॅपटॉपचा जुना एकोणीस व्होल्टचा अडॅप्टर बऱ्याच ॲम्प्लिफायरना चालतो. पिनचा आकार आणि ध्रुवता मात्र आधी तपासायची. चोवीस व्होल्ट लावण्यापूर्वी मी आतल्या मोठ्या कपॅसिटरवरचा आकडा वाचतो. त्यावर २५ व्होल्ट लिहिलेलं असेल तर चोवीसच्या वाटेला जात नाही, एवढ्या कमी अंतरावर कपॅसिटर फार काळ टिकेल अशी अपेक्षा धरता येत नाही.

चिपची नावं या क्षेत्रात गाड्यांच्या मॉडेलसारखी तोंडी असतात, त्यातली कामाची तेवढी सांगतो. या सगळ्याची सुरुवात ट्रायपाथ नावाच्या कंपनीने करून दिली. आद्य त्रिपाठी यांनी १९९५ मध्ये ती काढली. तिची टीए २०२० ही चिप आणि नंतरची टीए २०२४ यांनी लोकांना पहिल्यांदा दाखवून दिलं की हातात मावणारा, न तापणारा ॲम्प्लिफायर कानाला खरोखर गोड लागू शकतो. टीए २०२४ वर बांधलेला एक छोटा प्लास्टिकचा ॲम्प्लिफायर आठ पेन्सिल सेलवर चालायचा आणि जगभरच्या शौकिनांनी तो डोक्यावर घेतला होता. कंपनी २००७ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्याबद्दल मला अजून कृतज्ञता वाटते, कारण आज आपण जे सहज विकत घेतो त्याची कल्पनाच तिने रुजवली.

आज स्वस्तात सर्वात जास्त दिसते ती टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३११६. साडेचार ते सव्वीस व्होल्टपर्यंत कशावरही चालते, टेबलाच्या कामाला हवी त्याहून बरीच जास्त ताकद देते. तिची भावंडं टीपीए ३११८ आणि ३११० हीसुद्धा टेबलावर उत्तम. टीपीए ३२५५ ही मोठी बहीण. ती अठरा व्होल्टच्या वरच चालते, चार ओमला शेकडो वॅटची भाषा करते आणि आवाजाने खरंच स्वच्छ आहे. फक्त टेबलावर तिची ताकद वापरली जात नाही. अगदी खालच्या टोकाला पीएएम ८४०३, यूएसबीच्या पाच व्होल्टवर चालणारी. पाच व्होल्टवर आठ ओमला दीड वॅट. वरचा हिशोब पाहिलात तर हेसुद्धा तत्त्वतः पुरायला हवं, आणि आवाजाच्या पातळीपुरतं पुरतंही. पण संगणकाच्या यूएसबीतून येणारा वीजपुरवठा कचऱ्याने भरलेला असतो. तो कचरा स्पीकरमधून किणकिण, चिरचिर होऊन ऐकू येतो. मुठीएवढ्या खेळण्यात ती चालेल, चांगल्या स्पीकरला मी ती लावणार नाही.

जुन्या पद्धतीच्या क्लास एबीचेही पर्याय आहेत, टीडीए ७२९७ किंवा एलएम १८७५ वगैरे चिपचे. ते तापतात, हीटसिंक मागतात, काहींना ट्रान्सफॉर्मरचा दुहेरी पुरवठा लागतो. ज्याला सोल्डरिंगची आवड आहे त्याने जरूर करावेत. टेबलावर तयार डबा ठेवायचा असेल तर क्लास डी घ्या.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ते. टेबलावरचा ॲम्प्लिफायर त्याच्या मोठ्या आवाजावर पारखू नये, तो अगदी लहान आवाजाला कसा वागतो त्यावर पारखावा. आपलं जवळजवळ सारं ऐकणं पहिल्या एका वॅटच्या आत होतं, तेही त्याच्या तळाच्या भागात.

यात पहिली गोष्ट म्हणजे सुसकारा. काहीही वाजत नसताना ट्वीटरमधून (वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या पडद्यातून) येणारा तो बारीक 'सूं' आवाज. तीन मीटरवर बसलेल्याला तो कळतही नाही, सत्तर सेंटिमीटरवर मात्र दिवसभर कानाशी बसतो. ॲम्प्लिफायरच्या बाहेर पडणारी खरखर एक मिलिव्होल्ट असेल तर माझ्यासारख्या स्पीकरवर शांत खोलीत ती स्पष्ट जाणवते. शंभर-दोनशे मायक्रोव्होल्टला ती जवळजवळ नाहीशी होते. विकत घेताना माहितीपत्रकात हा आकडा दिला असेल तर वॅटच्या आधी तो वाचावा. नसेल तर एक साधी परीक्षा आहे. इनपुटला काही न जोडता आवाजाचा नॉब शून्यावर ठेवा आणि कान ट्वीटरजवळ न्या. तिथे जे ऐकू येतं ते ॲम्प्लिफायरच्या चिपचं स्वतःचं. मग काही न वाजवता तुमचा संगणक किंवा डॅक (डिजिटल ध्वनीचा विजेचा सिग्नल करून देणारा डबा) जोडा आणि नॉब हळूहळू वाढवा. जे वाढत जातं ते मागून येतंय. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी हे ओळखणं महत्त्वाचं.

दुसरी गोष्ट गेन. ॲम्प्लिफायर येणाऱ्या व्होल्टेजला किती पटींनी वाढवतो, ते. याकडे कुणीच बघत नाही आणि टेबलावर सगळं सुखदुःख यावर ठरतं. सर्वसाधारण डॅक पूर्ण आवाजाला दोन व्होल्ट देतो. आठ ओमला एक वॅट द्यायला २.८३ व्होल्ट लागतात. म्हणजे दीडपटही वाढवायची गरज नाही! आणि हे स्वस्त ॲम्प्लिफायर वीसपट, कधी चाळीसपट वाढवायच्या तयारीत बसलेले असतात. वीसपटीने दोनाचे चाळीस व्होल्ट होतील, आणि बारा व्होल्टच्या अडॅप्टरवर साडेआठच्या आसपासच मिळू शकतात. उरलेला सगळा गेन वाया. वाया जाऊन गप्प बसला असता तर हरकत नव्हती, पण तो सुसकाराही तितक्याच पटीने वाढवतो.

आणि नॉबचं काय होतं पाहा. गेन इतका असल्यावर नेहमीच्या ऐकण्यासाठी नॉबला सिग्नल बराच खाली दाबावा लागतो. म्हणजे तुम्ही कायम नॉबच्या अगदी सुरुवातीच्या टोकाला, सात-आठ वाजण्याच्या काट्यावर. स्वस्त नॉबमध्ये डाव्या आणि उजव्या बाजूचे दोन पट्टे एकाच दांड्यावर फिरतात आणि नेमके त्या तळाच्या टोकाला ते एकमेकांशी जुळत नाहीत. डावा स्पीकर दोन-तीन डेसिबल मोठा, उजवा लहान. अजून थोडा खाली घेतला तर एक बाजू पार गायब. मुलाखतीत बोलणारा माणूस दोन स्पीकरच्या मधोमध असायला हवा, तो रात्री आवाज कमी केला की डावीकडे सरकून बसतो. तानपुरा लावून बघा, हे सर्वात लवकर कळतं. त्याचा गुंजारव दोन्हीकडे सारखा पसरलेला असतो, नॉब खाली नेताना तो एका बाजूला कलंडला की समजावं.

याला तीन उपाय आहेत. पहिला, मुळातच कमी गेनचा ॲम्प्लिफायर घेणं, किंवा ज्याच्या खालच्या बाजूला गेनचा खटका आहे असा घेणं. टीपीए ३११६ चिप २०, २६, ३२ आणि ३६ डेसिबल अशा चार गेनला चालते आणि तो गेन बोर्डवरच्या दोन रेझिस्टरवर ठरतो. माझ्या टेबलावरच्या ॲम्प्लिफायरमध्ये मी ते बदलून तो २० डेसिबलवर, म्हणजे दहापटीवर, आणला आहे. सुसकारा एकदम खाली गेला आणि नॉबही थोडा वर सरकला. ज्याला सोल्डरिंग जमतं त्याच्यासाठी यापेक्षा मोठा फायदा देणारी दुसरी सुधारणा मला माहीत नाही. लोक ऑप-ॲम्प (सिग्नल हाताळणारी छोटी चिप) बदलण्यात रमतात. एनई ५५३२ सारखा साधा ऑप-ॲम्प मुळातच इतका चांगला आहे की तो काढून दुसरा लावल्याने माझ्या कानाला तरी काही सापडत नाही.

दुसरा उपाय सोल्डरिंगशिवायचा: संगणकावरचा आवाज पंधरा-वीस डेसिबल खाली ठेवायचा, म्हणजे नॉब मध्यावर येतो. चोवीस बिटच्या डॅकवर एवढ्या घटीने ऐकण्यात काही बिघडत नाही. चिपचा स्वतःचा सुसकारा मात्र यामुळे कमी होत नाही, कारण तो नॉबच्या पुढे तयार होतो. तिसरा, नॉबऐवजी डिजिटल पायऱ्यांनी आवाज बदलणारा ॲम्प्लिफायर. त्यात दोन्ही बाजू तळापर्यंत सारख्या राहतात. पायऱ्या फार मोठ्या नाहीत ना, एवढं बघायचं. लहान आवाजाला एका पायरीत 'ऐकूच येत नाही' पासून 'जरा जास्तच' पर्यंत उडी मारणारे मी पाहिले आहेत.

घुमघुम आणि चिरचिर हा वेगळा आजार. माउस हलवला की स्पीकरमध्ये खुडबुड, पान सरकवलं की किरकिर. दहापैकी नऊ वेळा ॲम्प्लिफायर निर्दोष असतो आणि दोष अर्थिंगच्या वेटोळ्याचा असतो: संगणकाला तीन पिनी प्लगातून एक अर्थ, ॲम्प्लिफायरला त्याच्या अडॅप्टरमधून दुसरा, आणि मधली ऑडिओ केबल दोघांना जोडून वर्तुळ पुरं करते. लॅपटॉप असेल तर त्याचा चार्जर क्षणभर काढा. आवाज थांबला तर निदान पक्कं. ॲम्प्लिफायरचा अडॅप्टर दोन पिनी, अर्थ नसलेला असेल तर वर्तुळ तुटतं. तो तसा नसेल तर डॅक ऑप्टिकल केबलने जोडावा, किंवा ऑडिओ केबलमध्ये छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा. तीन पिनी प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ती पिन जीव वाचवायला आहे.

बाकीच्या गोष्टी भराभर. ब्लूटूथ असलं तर असू द्या, पण जोडणी झाल्यावर मोठ्याने बोलणारे ॲम्प्लिफायर टेबलावर फार त्रास देतात, आणि ती सूचना बहुतेकांत बंद करता येत नाही. आपोआप झोपी जाणारेही मला चालत नाहीत. ध्वनिमुद्रण थांबवून मी दोन वाक्यं लिहितो, परत सुरू करतो, आणि पहिला शब्द ॲम्प्लिफायर जागा होण्यात जातो. चालू-बंद करताना स्पीकरमध्ये 'धप्' होत नाही ना, तेही दुकानातच ऐकून घ्यावं. बटण पुढच्या बाजूला असावं, आणि दिवा मंद.

ज्यांच्याकडे अजून स्पीकरच नाहीत त्यांनी ॲम्प्लिफायर आत असलेले स्पीकर आधी बघावेत. त्यात बनवणाऱ्याने गेन आणि फिल्टर त्याच वूफरसाठी जुळवलेले असतात. माझं हे सगळं सांगणं, साधे स्पीकर ज्यांच्या घरात आधीच आहेत आणि ज्यांना ते टेबलावर आणायचेत, त्यांच्यासाठी आहे.

जोडताना दोन गोष्टी सांभाळा. ब्रिज जोडणीत स्पीकरची काळी तार अर्थ नसते, तिच्यातही व्होल्टेज असतं. दोन्ही बाजूंच्या काळ्या तारा एकत्र जोडल्या, किंवा त्या कुठल्या दुसऱ्या उपकरणाच्या धातूच्या खोक्याला टेकल्या, तर चिप जळू शकते. स्पीकरच्या जागी हेडफोन जोडणं त्याच कारणाने बाद: तिथे डाव्या-उजव्याची परतीची तार एकच असते. तारेसाठी दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर टेबलाच्या अंतराला पुरून उरते. टोकाची एखादी मोकळी काडी शेजारच्या टर्मिनलला लागत नाही हे बघून मगच अडॅप्टर लावा. आणि लाल-काळं दोन्ही स्पीकरना सारखंच लागलंय का, हे एकट्या माणसाचं बोलणं लावून तपासा. उलटं लागलं असेल तर आवाज मधोमध न बसता डोक्याभोवती पातळ पसरतो आणि खालचे स्वर गायब होतात. तसं झालं तर एकाच स्पीकरच्या तारा अदलाबदल करायच्या, दोन्हींच्या नाही.